भिंतीतलं वारं

ज्योत भिंतीकडं झुकली, आणि स्तोत्राची ओळ माझ्या तोंडातच राहिली. दार लावलेलं होतं, एकुलत्या खिडकीला आतून अडसर होता, पंख्याची तर अजून वायरही आली नव्हती. कोनाड्यात देव, देवांपुढं पितळेची बोटभर दिवली, आणि तिची ज्योत डाव्या कोपऱ्याकडं, भिंतीच्या आतल्या अंगाला वळलेली. मागून कुणी हळू हाक मारल्यावर मान वळावी तशी. मी श्वास धरून ठेवला. पदर आडवा धरला. ज्योत क्षणभर सरळ झाली आणि पुन्हा तिकडंच गेली. वारं अंगावर येतं हे मला ठाऊक होतं, वारं भिंतीत जातं हे मी पहिल्यांदा पाहत होते. पहाटे दिवा लावला की तो आपसूक शांत होईपर्यंत माझं मौन असतं, आणि तोवर दिवा जागचा हलवायचा नाही. आईनं दिलेला नियम, लग्नाच्या आधीपासून पाळलेला. त्यामुळं यांना हाक मारता आली नाही. मारायची होती का, हेही नीट सांगता येत नाही. तेवढा वेळ ती गोष्ट माझी एकटीची होती, आणि ती तशीच असावी असं वाटलं, याचं मलाच नवल वाटलं.

घर आम्ही फाल्गुनात घेतलं. सेलूच्या जुन्या वस्तीत, जिनिंगच्या मागच्या बोळात, दगडी जोत्यावरचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. वाडाबिडा काही नाही. पुढं ओसरी, आत दोन खोल्या, मागं न्हाणी आणि हातभर परडं. हे एसटीत कंट्रोलर होते. जिंतूर, गंगाखेड, पुन्हा जिंतूर, बदली होईल तिथं भाड्याची खोली. प्रत्येक घरात शिरताना मी मालकिणीला पहिल्यांदा एकच विचारायची, देवाच्या फोटोसाठी खिळा ठोकू का. कुणी हो म्हणायची, कुणी म्हणायची ठोका पण जाताना काढून सिमेंट भरा. जन्मभर मी भिंतींना परवानगी मागत आले. म्हणून या घराच्या भिंतीला पहिल्यांदा हात लावला तेव्हा तो काढावासाच वाटेना. बाहेर ऊन तापलेलं, आणि भिंत माठासारखी गार. हातभर जाड. तिच्यात मी किती खिळे ठोकले असते तरी तिला कळलं नसतं. यांना मात्र घर आवडलं नव्हतं, जागा आवडली होती. जुनं पाडून स्लॅब टाकायचा, खाली पार्किंग, वर दोन खोल्या, असं यांच्या मनात पक्कं. मी फार बोलत नाही, यांच्याशी तर नाहीच. पण त्या वेळी बोलले. म्हटलं, एकदा मिस्त्रीला दाखवू, डागडुजी होते का बघू. शेवटी ठरलं ते असं, की मिस्त्रीनं प्लास्टर सोलून बघायचं. एक जरी भिंत दगाबाज निघाली तरी घर पाडायचं, मग मी शब्द काढायचा नाही. मी कबूल झाले. आणि आता भिंत दिव्याला आत ओढत होती.

लहानपणी पालमला आमच्या गल्लीत देवीचं देऊळ होतं. मूर्ती भिंतीपासून जरा सुटी होती, पुजाऱ्याला मागून पाणी घालता यावं म्हणून. एकदा दुपारी कुणी नाही असं बघून मी त्या फटीत शिरले. देवीची पाठ बघायची होती मला. पुढून तिला डोळे, नथ, हिरवं लुगडं, दंडावर वाकी. मागं काय असेल? मागं काहीच नव्हतं. नुसता दगड, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेले, पाठ कुणी घडवलेलीच नव्हती. मला वाईट वाटलं नाही, उलट वाटलं की आता देवीची आणि माझी जरा जास्त ओळख झाली. आईला कळलं तेव्हा ती मारायला धावली नाही. नुसतं म्हणाली, देवाच्या पाठीमागं काय बघायचं असतं गं? मला उत्तर आलं नाही. त्यानंतर मी उपवास धरले, सोमवार धरला, एकादशी धरली, चातुर्मासात एक एक जिन्नस सोडला, पण ही मागं बघायची खोड कुठल्या व्रतानं गेली नाही. हे कूस बदलून झोपले की मी कधी कधी यांच्या पाठीकडं बघत राहते, इतक्या वर्षांनंतरही. ती खोड वाईट आहे की चांगली हे मी देवाला अजून विचारलेलं नाही.

त्या दिवशी हे बँकेत गेले तशी मी जुनं सुती लुगडं काढलं, पदर पायाखाली दाबून ओसरीच्या टोकापासून भिंतीला लावत लावत मागपर्यंत गेले. समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघत उभी राहिली. तिला वाटलं असेल वाळत घालायला जागा शोधतीय. मग तेच लुगडं आतून, खोल्याखोल्यांतून, भिंतीची जाडी बोटांनी अंदाजत. बाहेरून लुगडं पुरलं नव्हतं, आतून ते उरलं. दोनदा मोजलं, तसंच. म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये कुठंतरी एक जागा होती जिला दार नव्हतं. ती जागा घराच्या पोटात होती, वर छप्पर होतं, खाली भुई होती, आम्ही खरेदीखतात तिच्यासकट सही केली होती, आणि आम्हाला ती दिसत नव्हती. लुगड्याची घडी नीट बसेना. भीतीनं नव्हे. भीती मला ओळखता येते, ती पोटात येते. हे छातीत होतं.

दुसऱ्या दिवशी वैजीनाथ मिस्त्री आला. पोरगेलासा चेहरा, पण मिशी पांढरी, बोलणं भरपूर. ज्यांच्याकडून घर घेतलं त्या बानूबाईंच्या मुलानं दहा-बारा वर्षांखाली भिंतींवर सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, ते तो सोलत होता. आत मातीची भिंत ओल धरून फुगलेली. मातीला सिमेंटचा सदरा घातला की तिला घाम सुकवता येत नाही असं काहीबाही सांगत होता, आणि हे मान हलवत होते, म्हणजे पाडायला आणखी एक कारण मिळालं. मी कोनाड्याच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं. वैजीनाथनं हातोडीच्या दांड्यानं ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं.

"काकू, ही भिंत न्हाई," तो म्हणाला. "ह्ये बळद हाय."

मग त्यानं यांना समजावलं. दोन भिंतींच्या मधे बिनदाराची कोठी, धान्याची. वर माळवदावर एक भोक, त्यातनं जवारी ओतायची. खाली एक भोक, बोळा काढला की पसाभर बाहेर येणारी. भुई पुरुषभर खोदलेली असती, म्हणून बाहेरून वाटतं त्याहून मोठी. जुन्या काळी घरात बळद किती मोठं त्यावर सोयरीक जुळायची. हे सगळं ऐकताना यांचे डोळे पहिल्यांदा जरा चमकले. इथं अटॅच बाथरूम होईल का, असं विचारलं. वैजीनाथनं वर पाहिलं. मधली तुळई बळदाच्याच भिंतीवर बसलेली होती. दार पाडायचं तर जपून, कमान देऊन पाडावं लागेल. नाहीतर मग सगळंच उतरवावं. हे माझ्याकडं बघून म्हणाले, मग सगळंच. प्लास्टर सोललं तिथं खालचं भोक दगड-चुन्यानं बुजवलेलं दिसत होतं. मी खाली मान घालून म्हटलं, ते का बुजवलंय तेवढं बानूबाईंना विचारते. धान्य संपलं म्हणून कुणी दगड-चुना घालून भोक बुजवत नाही, हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

बानूबाई लेकीकडं राहतात, रेल्वे पटरीच्या पलीकडं, दैवशालाकडं. घर विकल्यापासून त्या या बोळात पुन्हा आल्या नव्हत्या. दैवशाला मला बघून जरा बिचकली. घेतलेल्या घराची तक्रार घेऊन आली असं तिला वाटलं असणार. तिनं चहा टाकला. माझा प्रदोष होता म्हणून मी नुसतं पाणी घेतलं. बानूबाई बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. मला म्हणाल्या, "घर घेतलंव, आता घराची उजळणी बी मागायला आलाव व्हय?" आणि हसल्या. तोंडात दात नव्हते पण हसणं मोठं होतं. मी बळद म्हटलं तसं हसणं थांबलं नाही, फक्त लसूण सोलायचं थांबलं, आणि मग हसण्याला कुणी धनीच उरला नाही असं ते हळूहळू गेलं.

त्या ज्या बोलल्या ते सरळ ओळीत नव्हतं. मधेच दैवशालाला तव्यावर लक्ष ठेव म्हणायच्या, मधेच येडबांचं, म्हणजे त्यांच्या मालकांचं, काहीतरी सांगायच्या. पण जे होतं ते एवढं होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा अंगानं बारकुड्या होत्या. बळदाचा तळ लागला की वरच्या भोकातून दोर बांधून त्यांनाच आत सोडायचे, तळाची जवारी पाटीत भरून द्यायला. आत आधी दिवा सोडायची रीत होती. दिवा जळत राहिला तर तो वर घेऊन माणूस उतरायचं, विझला तर दोन दिवस भोक उघडं ठेवायचं. कोंडलेल्या धान्याला वाईट वारं सुटतं. एका वर्षी पाव्हणे अवचित आले, दळायला घरात दाणा नाही, आणि बानूबाई बाजूला बसलेल्या, धान्याला शिवायचं नाही. म्हणून त्यांची नणंद पंचफुला उतरली. पोर अजून परकरातली. दिवेलागण झाली होती. घरात दिवा होता तो देवापुढचा, आणि तिन्हीसांजेचा देवापुढचा दिवा उचलायचा नाही असं सासूचं. रॉकेल संपलेलं.

"मी वसरीवरून म्हणले, आत्याबाई, दिवा सोडा आदी," बानूबाई म्हणाल्या. "त्या म्हणल्या, तू बाजूला बसलीस, तू दिव्याचं नाव काढू नको. लक्षुमी उटून जाती." त्यांनी एक लसणाची पाकळी उचलली, न सोलता पाटीत टाकली. "लक्षुमी काय गेली न्हाई, बाई. पोरगी गेली."

दोर ओढला तेव्हा हलका आला, रिकामा. पोरीला काढून नेल्यावर सासऱ्यांनी दोन्ही भोकं बुजवली. सासूनं त्याच भिंतीच्या कोनाड्यात देव मांडले. मी चमकून विचारलं, कोणत्या? डावीकडचा कोनाडा, त्या म्हणाल्या, जन्मभर तिथंच दिवा लावल्या.  मीही ती जागा कुणाला न विचारता निवडली होती. तिथं देव असावेत असं त्या भिंतीकडं बघूनच वाटलं होतं. येताना पटरीवर मालगाडी उभी होती, ती सुटायची वाट बघत मी फाटकापाशी थांबले, आणि त्या सासूचा मला राग येईल म्हणून वाट बघत राहिले. तो आला नाही. एक बाई रोज पहाटे उठून भिंतीच्या या बाजूला दिवा लावते, पलीकडं काय झालं ते तिला माहीत आहे, आणि ती दिवा हलवत नाही, अजूनही. तेव्हा ती काय म्हणत असेल? कुठलं स्तोत्र? की नुसती ज्योत कुठं झुकते ते बघत असेल? मला तिचं नावही माहीत नव्हतं, आणि तिच्या नियमाच्या ओळीतली पुढची मीच होते.

यांना सांगायलाच हवं होतं. ज्यांनी उभ्या जन्मात माझ्या आग्रहाशिवाय देवापुढं हात जोडले नाहीत, ते हे ऐकून ताडकन उठले. घरात असं झालेलं आहे आणि बाईनं सांगितलं नाही, फसवलं. मग शांती करायची का, कोणत्या गुरुजीला बोलवायचं, की नुसतं पाडलं तरी चालतं, असं मलाच विचारू लागले. संध्याकाळपर्यंत स्लॅबवाल्याला फोन गेला, सोमवारी जेसीबी घेऊन येतो म्हणाला. मला मनातून वाटत होतं की अपमृत्यू झालेल्या घरात मला, नियमधर्माच्या बाईला, यांच्याआधी भीती वाटायला हवी होती. मी शोधली. रात्री पडल्या पडल्या पोटात हात घालून शोधावी तशी शोधली. नाही सापडली. त्या पोरीनं शेवटी काय पाहिलं असेल एवढंच मनात येत राहिलं. वर एक गोल उजेड, त्यात कुणाचं तरी डोकं, आणि बाजूनं भिंत. ती भिंत जेसीबीनं ढिगात गेली की मग ती कधी कुणाला दिसणार नव्हती. मी यांना म्हटलं, पाडा, मी शब्द दिलाय, पण आधी मला ते आतून बघू द्या. यांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला काय बघायचंय त्यात?" आणि आईला नव्हतं दिलं तसं यांनाही मी उत्तर दिलं नाही. पण यांनी वैजीनाथला फोन केला.

तो उन्हाच्या आत यायचं म्हणून पार पहाटे आला. माझा दिवा नुकताच लागला होता. मी खुणेनं त्याला कामाला लागा म्हटलं आणि तिथंच, देवांपुढं, भिंतीपासून हातभर अंतरावर बसून राहिले. बुजवलेल्या भोकावरचे छिन्नीचे घाव माझ्या पाठीच्या मणक्यात वाजत होते. जुना चुना दगडासारखा झालेला. मग एक दगड आत गेला, आणि आत पडल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला. दार उघडावं तसं नव्हे, कुणी फार दिवस धरलेला श्वास सोडावा तसा एक वास बाहेर आला, आंबूस, भाकरीच्या टोपलीचा आणि मातीचा. वैजीनाथनं आणखी दोन दगड काढले, डोकं जाईल एवढं झालं. त्यानं मोबाईलची बॅटरी लावली, आत धरली. उजेड लख्ख पडला. "खोल हाय की लय," असं म्हणून तो पोटावर पालथा झाला आणि खांद्यापर्यंत आत सरकायला लागला, हे मागून त्याचे पाय धरायला वाकले. मोबाईलचा उजेड हलत नव्हता, कमी होत नव्हता. तो कशानंच विझणार नव्हता. आत वारं असो की नसो, माणूस असो की नसो, तो तसाच लख्ख राहणार होता.

"थांब, वैजीनाथ," मी म्हटलं.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. पहाटेच्या त्या वेळेला तो मी कधी ऐकलाच नव्हता. हे वळून बघायला लागले. मी कोनाड्यातली दिवली उचलली. चटका बसला, पदरानं धरली. काही झालं नाही. देव जागच्या जागी होते. मी ती डाल्डाच्या जुन्या डब्यात ठेवली, वैजीनाथनं डब्याला तार बांधली आणि डबा भोकातून खाली सोडला. तिघांची डोकी एकाला एक लागली. ज्योत आधी भुईच्या पातळीला चांगली होती, वरच्या फटीकडं ओढ घेत होती; मग डबा खाली गेला तशी ती आखडली, कडेनं निळी झाली, वातीवर बसली, आणि धूर न सोडता गेली. कुणी फुंकर घातली नव्हती. वैजीनाथ सरकत सरकत मागं आला आणि भिंतीला टेकून बसला, त्याच्या मिशीला माती लागली होती.  देवापुढचा दिवा माझ्या हातून हलला, आणि विझला, आणि मौनही मोडलं. एका पहाटेत सगळं. मी त्याचं वाईट वाटायची वाट बघत बसले. त्याऐवजी डोळ्यांसमोर परकरातल्या एका पोरीचा हात आला, दोर धरलेला. यांनी कोनाड्यातली काडेपेटी काढून माझ्या हातात दिली.

"दुसरा लाव," हे म्हणाले. आजवर दिव्याबद्दल हे माझ्याशी कधी बोलले नव्हते.

वैजीनाथनं माळवदावर जाऊन वरच्या भोकावरची फरशी उचलली. दोन दिवस बळद उघडं ठेवलं. सोमवारी स्लॅबवाल्याचा फोन आला तेव्हा हे परड्यात जाऊन बोलले, काय बोलले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जेसीबी आला नाही, पण येणारच नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत जळला. तुळईखाली कमान देऊन, मातीच्या विटा लावून, वैजीनाथनं माणूस वाकून जाईल एवढी वाट केली आणि शिडी लावली. सगळ्यांत आधी मी उतरले. खाली गुडघ्याएवढा कोंडा होता, पायाला मऊ, कोरडा. वरून उजेडाचा एक खांब तिरपा पडलेला, त्यात धूळ. आणि भिंतींना आतून सारवलेलं होतं. कोण बघणार होतं तिथं? तरी बोटांचे फराटे एकाशेजारी एक, अर्धगोल, बाईच्या हाताला पोचेल तिथवर नीट, एकसारखे. त्याच्या वर मात्र चिखल नुसताच थापलेला, हात कुणी फिरवलेलाच नाही. मी एका फराट्यात माझी बोटं ठेवली. ती बरोबर बसली नाहीत, ते बोट माझ्याहून बारीक होतं. मी किती वेळ खाली होते कोण जाणे. वरून यांनी दोनदा विचारलं, बरी आहेस ना.

बानूबाईंना मी बोलावलं नव्हतं, फक्त दैवशालाला कळवलं होतं की वाट उघडली. संध्याकाळी त्या तिचा हात धरून आल्या. दारातच थांबल्या. "माजंच घर, आन मीच पाव्हणी," असं म्हणून चपला काढल्या. यांनी खुर्ची आणली, त्यांनी घेतली नाही. तशाच आत आल्या, त्या वाटेपाशी बसल्या, आणि हात टेकून डोकं आत घालून बघू लागल्या. दैवशाला म्हणाली, आई, नको. त्यांना ऐकू गेलं नसावं. वरचा उजेड आता तांबूस झाला होता आणि कोंड्यावर पडला होता. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, वाकलेली, ब्लाउजच्या पाठीला एक टाका उसवलेला. 

"एवढंच हुतं व्हय," त्या म्हणाल्या. आवाज आतून घुमून आला. "मला वाटायचं लय मोठं हाय. अंधारात उतरायचे ना मी, हातानंच समजायचं सगळं. उजेडात कवा बघितलंच न्हाई."

त्या उतरायचं म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं, त्यांनी पदर खोचला आणि शिडीवर पाय टाकला. खालून हे धरत होते, वरून मी. खाली गेल्यावर त्या भिंतीपाशी गेल्या, फराट्यांवरून हात फिरवत फिरवत पूर्ण एक फेरी मारली, प्रदक्षिणेला जातात तशी पण उलटी, आणि जिथून निघाल्या तिथं येऊन थांबल्या. पंचफुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग वर, वाटेच्या कमानीकडं बघत म्हणाल्या, हितं काय दार बसवायलाव का. यांनी माझ्याकडं पाहिलं. मला काहीतरी म्हणता आलं असतं, पण मी शब्द दिला होता, म्हणून यांच्या तोंडाकडं बघत राहिले. हे कोंड्यात उभे होते, पँटला गुडघ्यापर्यंत धूळ.

"बसवायलोय, मावशी," हे म्हणाले. "जुन्या सागाचं मिळतंय का बघायलोय."

"मग कडी आतल्या अंगानं बी लावा, आत असंल तिच्या हाताला लागंल अशी," बानूबाई म्हणाल्या, आणि शिडीला हात घातला.